अडीच फुटांची भिंत आणि बावीस मीटर वायर

आधी निकाल सांगते, मग कहाणी. टीव्हीच्या बॉक्सला नेट नीट पोचावं म्हणून मी तीन महिन्यांत तीन गोष्टी करून पाहिल्या. फुकटातला उपाय: पाचपैकी दोन. ऑनलाइन मागवलेला १,४९९ रुपयांचा रिपीटर (वायफाय ऐकून पुढं सांगणारं यंत्र): आधी एक, आता तीन (का ते शेवटी). लातुरातून आणलेली साधी निळी लॅनची वायर आणि ती देणारा दुकानदार: पाचपैकी पाच, सहावा देता आला असता तर तोही.

आमचं घर औशात. घर म्हणजे दोन घरांची मोळी आहे. मागचा भाग माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, दगड-मातीच्या अडीच फुटी भिंतींचा. पुढचा भाग पिलर-स्लॅबचा. मुळात सगळंच माळवद होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या ढेळजेच्या, म्हणजे दारालगतच्या पडवीच्या, भिंतीनं पोट काढलं. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. आमच्या घरात जीव कुणाचा गेला नाही, पण मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुढचा भाग उतरवून घेतला आणि तिथं स्लॅब टाकला. मागचं माजघर आणि स्वैपाकघर तसंच ठेवलं. पुढे माळवद गळायला लागलं म्हणून त्यावर पत्रे आले. हे सगळं वायफायच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण माझा वायफाय ह्याच इतिहासात अडकला होता.

फायबरवाला आला तेव्हा त्याची तार जिथून आत आली तिथंच, ढेळजेत, त्यानं राउटर ठोकला आणि गेला. टीव्ही मात्र माजघरात. मामा उन्हाळ्यात माजघरातून हलत नाहीत. लातूरचं ऊन बाहेर चाळिशी ओलांडत असताना तिथं अंगावर पातळ चादर घ्यावीशी वाटते. त्या भिंतीच तशा आहेत, ऊन आत येऊ देत नाहीत. आणि लहरीही येऊ देत नाहीत, हे आम्हाला नेटवरचं टीव्हीवर दाखवणारा अँड्रॉइड बॉक्स लावल्यावर कळलं.

मामांचं बघणं ठरलेलं. सकाळी बाजारभाव, म्हणजे सोयाबीन आणि तूर काय उघडली ते. संध्याकाळी कीर्तन. मधे मॅच असली तर मॅच. कीर्तनकार दृष्टान्त रंगवत रंगवत नेमका हसू फुटायच्या जागी यायचा आणि पडद्यावर चकली फिरायला लागायची. "सूनबाई, परत फिरलालंय बग गं!" ही हाक मी वह्या तपासताना रोज चार-पाच वेळा ऐकायची. मॅचला तर फारच वाईट. कीर्तन आधीच चढवलेलं असतं, त्यामुळं बॉक्स पुढचा तुकडा थोडा साठवून ठेवू शकतो. थेट प्रक्षेपणात पुढचं साठवायला पुढचं घडलेलंच नसतं. धार तुटली की चित्र तुटलं.

कंपनीला फोन केला. (नाव लिहीत नाही, आमच्या गल्लीत दोनच कंपन्या आहेत आणि दोघांचे लाइनमन मला चौकात भेटतात.) मुलगा आला, राउटरशेजारी उभा राहिला, मोबाइलवर स्पीड मोजला, शंभरच्या आसपास आला. "ताई, स्पीड तर बराबर हाय." मी म्हटलं, अरे, टीव्ही इथं नाही ना. राउटर माजघरात हलवून दे म्हटलं तर पंधराशे रुपये सांगून गेला, "उद्या येतो" म्हणाला. तो उद्या अजून उजाडायचा आहे.

त्या मुलाचंही पूर्ण चुकलं नव्हतं. टाकी भरलेली होती, नळाला पाणी नव्हतं. लातूर जिल्ह्यात राहणाऱ्याला हा फरक समजवावा लागत नाही. २०१६ साली रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही पाहिलंय. स्टेशनात पाणी आलं म्हणजे घागरीत आलं असं नसतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. मोजल्याशिवाय करमत नाही. मोबाइलवर वायफायची ताकद दाखवणारं फुकट ॲप घेतलं. ते आकडे ऋण असतात. राउटरशेजारी उणे ३८, ओसरीत उणे ६१, टीव्हीजवळ उणे ८२. सातवीच्या वर्गात दुसऱ्या दिवशी फळ्यावर हेच लिहिलं, "उणे ८२ मोठी की उणे ६१?" निम्मा वर्ग फसला. पण खरी गंमत पुढं आहे. ह्या मोजपट्टीत दर दहा अंकांना ताकद दहापट घटते. म्हणजे उणे ६१ वरून उणे ८१ वर गेलं तर शंभरावा भाग उरतो. एक भिंत ओलांडायला शंभरातले नव्व्याण्णव पैसे जकात! व्हिडिओ सुखानं चालायला उणे ६७ च्या आत असावं असं साधारण धरतात. आमचं कुठं होतं ते दिसतंच आहे.

राउटर दोन नावांनी वायफाय देतो, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ चं. ५ चं वेगवान, पण भिंतीपुढं लगेच हार मानणारं. माजघरात त्याचं नावसुद्धा यादीत दिसेना. २.४ वालं कसंबसं रांगत यायचं. दुपारी तीन-चार एमबीपीएस, रात्री आठनंतर एक. फुल एचडीला पाच लागतात आणि फोर-केला पंधरा, हा नेटफ्लिक्सचाच हिशोब आहे. म्हणजे आम्हाला शंभर नकोच होते. शंभरातले दहा जरी माजघरापर्यंत चालत आले असते तरी मामांचं कीर्तन पार पडलं असतं.

फुकटातलं आधी केलं. बॉक्स टीव्हीच्या मागं चिकटवलेला होता, तो काढून पुढं ठेवला. टीव्हीची पाठ म्हणजे पत्राच. राउटर लोखंडी कपाटाच्या आडून काढून उंच देवळीत ठेवला. मग ब्राउझरमधे १९२.१६८.१.१ टाकून राउटरच्या आत शिरले. चॅनेल 'ऑटो' वर होतं आणि ते सहावर बसलं होतं. ॲपमधे बघते तर शेजारचे चार राउटर सहावरच. २.४ मधे एकमेकांच्या पायात न येणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. मी एकावर गेले. रात्रीचा स्पीड एकाचा तीन झाला. मामा म्हणाले, "आता थांबून थांबून का होईना, चाललालंय." दोन तारे ह्याचेच.

मग यांनी सोलापूरहून फोनवर सल्ला दिला. (हे नोकरीला तिथं, शनिवारी येतात, त्यामुळं सल्ले सगळे फोनवरच.) "रिपीटर मागव, लोक लावतेत." मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० एमबीपीएस. प्लगमधे खोचायचा, बटण दाबायचं, झालं. मी तो टीव्हीशेजारच्याच प्लगला खोचला. बॉक्सवर वायफायच्या सगळ्या कमानी भरल्या. घरात आनंदीआनंद. स्पीड मोजला: दोन.

चूक माझी होती हे कळायला आठवडा गेला. टीव्हीजवळ जो उणे ८२ सिग्नल येत होता तोच रिपीटर उचलत होता आणि दणक्यात पुढं सांगत होता. शेवटच्या बाकावरच्या ज्या पोराला काही ऐकू आलेलं नाही त्यालाच 'मोठ्यानं सांग' म्हटल्यासारखं. आवाज मोठा, मजकूर नाही. मग तो ओसरीत, निम्म्या वाटेवर आणला. दुपारी दहा-अकरा यायला लागले, रात्री चार. ह्या स्वस्तातल्या रिपीटरला एकच रेडिओ असतो. त्याच रेडिओनं ऐकायचं आणि त्याच रेडिओनं सांगायचं, त्यामुळं वेग जवळपास निम्मा होतोच. खोक्यावर हे लिहीत नाहीत. शिवाय ओसरीतला प्लग इन्व्हर्टरवर नाही. लाइट गेली की रिपीटर बंद, आणि लाइट काय आमच्याकडं विचारून जाते का. मॅचच्या शेवटच्या षटकात गेली तेव्हा मामांनी रिपीटरकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी दुष्काळात ढगांकडं बघताना पाहिली होती.

जाळ्यासारखे दोन-तीन राउटर एकमेकांशी बोलतात तो मेश प्रकारही बघितला. किंमत बघून टॅब बंद केला. तसंही ते आपसात बोलणार हवेतूनच, आणि हवेत माझी भिंत उभी. घरातल्या लाइटच्या वायरिंगमधून नेट पाठवणारे अडॅप्टर मिळतात, पण आमचं वायरिंग दोन पिढ्यांचं, मधे इन्व्हर्टर. त्या नादी लागलेच नाही.

लातुरात गंजगोलाईतून, म्हणजे गोल बाजारपेठेतून, सोळा रस्ते फुटतात. त्यातल्या एका रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाशेजारी तीन पायऱ्या उतरून एक गाळा आहे. पाटी नाही, ओळख म्हणून दारात जुना कीबोर्ड टांगलाय. आत तिशीतला मुलगा, समोर उघडलेले लॅपटॉप. मी शाळेच्या प्रिंटरसाठी गेले होते, सहज विषय काढला. त्यानं पहिलं काय विचारलं असेल? राउटर कोणता, प्लॅन कोणता, नाही. "मॅडम, भिंत कशाची हाय?"

मी हातानं अडीच फूट दाखवले.

"मग कशाला वायफायला मारलालाव? वायर टाका."

मला वाटलं, हा आता वायर खपवणार. तर त्यानं दोन गुंडाळ्या काढल्या आणि स्वस्तातली घेऊ नका म्हणून तीच आधी दाखवली. बारा रुपये मीटर. दुसरी सव्वीस. दोन्हींवर कॅट सिक्सच, म्हणजे वायरीची एकच प्रत, छापलेलं. ब्लेडनं दोन्हींतली एकेक तार खरवडली. बारावालीच्या तांब्याचा मुलामा निघाला आणि आतून पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. सव्वीसवाली कितीही खरवडली तरी तांबडीच. "ही कोपऱ्यावर चार वेळा वाकवली की तुटती, आन कुठं तुटली ते सापडत न्हाई." मी दोन्ही गुंडाळ्या हातात घेऊन बघितल्या. आकार तोच, वजनात फरक स्पष्ट. डोळे झाकून ओळखता येईल.

माझा बेत वायर पत्र्यावरून नेऊन सवण्यातून खाली सोडायचा होता. सवणं म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक. आमचं अजून शाबूत आहे. तो नको म्हणाला. घरातल्या वायरीचं निळं प्लास्टिक आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत कडक होऊन फुटतं, त्याला बाहेरची काळी वायर वेगळी येते. आणि पत्र्यावरून तार म्हणजे मृगाच्या विजांना आमंत्रण. "राउटर बी जाईल, बॉक्स बी जाईल, टीव्ही बी." घरातूनच न्या म्हणाला. लाइटच्या पट्टीतून मात्र नेऊ नका, वेगळ्या पाइपातून न्या.

आता सांगण्यासारखी गोष्ट अशी, की वायरीच्या टोकाला लावायचा तो पारदर्शक कनेक्टर लहान भोकातून जात नाही. म्हणजे वायर आधी ओवायची आणि टोक घरी लावायचं. त्यासाठी पक्कडीसारखं क्रिम्पिंगचं अवजार लागतं. मी म्हटलं, ते कितीला? "कशाला घेताव मॅडम, एकदाचं काम. घेऊन जा, प्रिंटर न्यायला याल तवा आणा." नाव नाही, नंबर नाही, डिपॉझिट नाही. एक टोक त्यानं समोर लावून दिलं. दुसऱ्यासाठी बिलाच्या पाठीवर रंग लिहून दिले: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीच्या मधे निळी जोडी घुसते, तिथंच लोक चुकतात, असंही बजावलं. बावीस मीटर वायर, सहा कनेक्टर, पाइप, सगळे मिळून ८१२ रुपये.

घरी आल्यावर खरा प्रश्न. भिंतीतून कुठून? मी ड्रिलचं नाव काढताच मामा बाजेवर उठून बसले. "त्या भितीला हात लावायचा न्हाई." कारण मला माहीत होतं. तशा भिंतीला दोन बाजूंनी दगड आणि पोटात नुसती माती-खडी असते. किल्लारीच्या रात्री अशाच भिंतींचे दोन पदर सुटे झाले आणि वरचं माळवद खाली आलं. मामा त्या सकाळी पलीकडच्या गावांत माती उपसायला गेले होते. त्यावर ते कधी बोलत नाहीत. मी ड्रिल परत केलं.

तोड आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, काढली. माजघराच्या भिंतीत बळद आहे, ज्वारी साठवायची पोकळी. ओसरीकडून वरच्या तोंडानं धान्य ओतायचं आणि माजघरात खालच्या तोंडातून काढायचं. कित्येक वर्षांत त्यात दाणा पडलेला नाही. खालच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा होता. तो उपसला तर आधी भुगा आला, मग किडलेली मूठभर ज्वारी, मग दोन झुरळं. वायर वरून सोडली की मधेच वेटोळं व्हायची. शेवटी आढ्याला ठेवलेली गुढीची काठी काढली, तिला सुतळीनं वायर बांधली आणि खाली ढकलली. "गुढीची हाय गं ती!" आत्या ओरडल्या, पण तोवर टोक त्यांच्याच हातात आलं होतं.

मग टोक लावणं. वरचं प्लास्टिक दोन बोटं सोललं. आत आठ तारा, दोन-दोनच्या पिळात. पीळ सोडवायचे, नखानं ताठ करायच्या, रंगानं ओळीत लावायच्या, शेंडे एका रेषेत कापायचे आणि आठही एकदम कनेक्टरात सारायच्या. सात गेल्या की आठवी वाकते. चष्मा काढून, घालून, परत काढून पहिला लावला. बॉक्सचा दिवा लागेना. क्लिपचं तोंड वर धरलं होतं, म्हणजे सगळी ओळच उलटी. तोडून दुसरा लावला. तरी दिवा नाही. कागद बघितला: दोन्ही हिरव्या शेजारीशेजारी! ज्याबद्दल बजावलं होतं तेच. वर्गात पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणणारी मीच ती. तिसऱ्याला आधी आत्यांकडून रंग मोठ्यानं वाचून घेतले, मग अवजार दाबलं. कटकन आवाज. पिवळा दिवा लुकलुकला.

बॉक्सनं वायफाय आपोआप सोडलं. स्पीड ९४. रात्री साडेआठला परत मोजला, ९४. बॉक्सचं लॅनचं भोक शंभराचंच आहे आणि त्यातले पाच-सहा पाकिटांच्या पत्त्या-बित्त्यातच जातात, त्यामुळं ९४ म्हणजे पैकीच्या पैकी. तुमच्या बॉक्सलाही असंच असेल तर त्यापेक्षा जास्तीच्या प्लॅनचे पैसे नुसत्या टीव्हीसाठी भरू नका. आणि लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत चालते, त्यामुळं आमचे बावीस म्हणजे अंगणच.

रिपीटरचे तारे का वाढले ते राहिलं. अवजार परत करायला गेले तेव्हा त्या मुलानं विचारलं, रिपीटरला लॅनचं भोक आहे का? होतं. "मग फेकू नका. सेटिंगमधे ॲक्सेस पॉइंट करा आन वायर त्याला द्या." साडेसहाशेचा पाच तोंडांचा स्विच घेतला. माजघरात वायर स्विचला, स्विचातून एक तुकडा बॉक्सला, एक रिपीटरला. आता त्याला भिंतीपलीकडचं ऐकावं लागत नाही, वायरीतून आलेलं फक्त सांगायचं असतं. स्वैपाकघरात आत्यांचा व्हिडिओ कॉल पहिल्यांदा चेहऱ्यासकट लागला. त्या मुलानं अवजाराचे पैसे घेतले नाहीत, शेवटी धपाट्यांचा डबा ठेवून आले. तक्रार एकच: दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं आणि हे कुठंही लिहिलेलं नाही, त्यामुळं माझी एक फेरी वाया गेली. औसा-लातूर वीसेक किलोमीटर, एसटीनं, मे महिन्यात.

वायर लावून आता दोन महिने झाले. मृगात वीज कडाडली की आत्या सवयीनं टीव्हीची पिन काढतात, आता निळी वायरही काढतात. ते बरोबरच आहे. फक्त क्लिप दाबून काढायची असते हे त्यांना सांगायचं राहून गेलं आणि परवा ती मोडली. डब्यात अजून दोन कनेक्टर आहेत, पण अवजार लातुरात.